ॲसिटिक आम्ल जिवाणू: ताडीच्या बाटलीपासून नाव पटवण्यापर्यंत

सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी ॲसिटिक आम्ल जिवाणू, म्हणजे अल्कोहोलचं व्हिनेगर करणारे जिवाणू, फार आवडतात. नमुना जवळपास फुकट मिळतो, जिवाणू सहसा निरुपद्रवी असतात, महागडं उपकरण लागत नाही आणि निकाल प्लेटवर डोळ्यांनी दिसतो. अहवाल मात्र बहुतेक वेळा एकाच वाक्याशी येऊन थांबतो: ‘खडूच्या प्लेटवर कॉलनीभोवती पारदर्शक वलय मिळालं, म्हणून हा ॲसिटोबॅक्टर.’

खडू आम्लात विरघळतो, त्यामुळे वलय फक्त एवढंच सांगतं की कोणीतरी आम्ल सोडलं. लॅक्टिक आम्ल जिवाणूही तेच करतात, काही यीस्टही करतात. ताडीत तर झायमोमोनास नावाचा जिवाणू असतो, तो ग्रॅम-निगेटिव्ह, कॅटॅलेज-पॉझिटिव्ह असल्यामुळे पहिल्या दोन चाचण्यांत ॲसिटोबॅक्टरच वाटतो. म्हणून या लेखात वलयानंतरच्या कामावर भर आहे. अभ्यासाचा कणा एका प्रश्नात आहे: अल्कोहोलचं आम्ल केल्यावर हा जिवाणू त्या आम्लाचं पुढे काय करतो? उत्तर मिळायला आठवडा-दीड आठवडा लागतो. तेवढा वेळ वेळापत्रकात आधीच राखून ठेवा.

आधी त्यांची रीत समजून घ्या

हे जिवाणू ॲसिटोबॅक्टरेसी कुळातले. दंडाकार किंवा लंबगोल, बीजाणू न करणारे, आणि प्राणवायूशिवाय न चालणारे. पाश्चरने १८६०च्या दशकात फ्रान्समधल्या ऑर्लेआँ पद्धतीच्या व्हिनेगरवर काम करून दाखवलं की पिंपातल्या द्रवावर धरणारी साय ही जिवंत वस्तू आहे आणि आम्ल तीच तयार करते. बेयरिंकने १८९८मध्ये ॲसिटोबॅक्टर हे नाव दिलं, तर जपानच्या असाई यांनी १९३५मध्ये ग्लुकोनोबॅक्टर वेगळा काढला. आता या कुळातल्या ॲसिटिक आम्ल गटात कितीतरी वंश आहेत. आपल्या नमुन्यांत साधारणपणे भेटतात ते चार-पाचच: ॲसिटोबॅक्टर, ग्लुकोनोबॅक्टर, कोमागाटाइबॅक्टर, ग्लुकोनासिटोबॅक्टर आणि फुलांवरचा असाइया.

अल्कोहोलचं आम्ल करणारी विकरं पेशीच्या आत नसतात. ती आतल्या पटलात बसलेली असतात आणि त्यांचं तोंड बाहेरच्या बाजूला असतं. अल्कोहोल डिहायड्रोजिनेज अल्कोहोलचं ॲसिटाल्डिहाइड करतं, शेजारचं ॲल्डिहाइड डिहायड्रोजिनेज त्याचं ॲसिटिक आम्ल करतं, आणि निघालेले इलेक्ट्रॉन युबिक्विनोनमार्फत थेट प्राणवायूकडे जातात. अल्कोहोल पेशीत शिरावंच लागत नाही, म्हणून हे काम झपाट्याने होतं आणि आम्ल बाहेरच साचतं. साखरा आणि साखरेपासूनची अल्कोहोलंही अशीच अर्धवट जाळली जातात: ग्लुकोजचं ग्लुकॉनिक आम्ल, सॉर्बिटॉलचं सॉर्बोज, ग्लिसरॉलचं डायहायड्रॉक्सीॲसिटोन. जीवनसत्त्व ‘क’ बनवण्याची राइकस्टाइनची १९३४ची पद्धत यातल्या सॉर्बोजच्या पायरीवरच उभी आहे.

सगळा इलेक्ट्रॉनांचा हिशेब प्राणवायूवर संपत असल्यामुळे हवा बंद झाली की व्यवहार थांबतो. व्हिनेगरच्या कारखान्यातल्या हवा फुंकणाऱ्या टाक्यांत आम्ल बरंच चढलेलं असताना वीज काही क्षण गेली तरी पेशी मोठ्या संख्येने मरतात. प्रयोगशाळेत हे इतकं नाट्यमय होत नाही. पण काठोकाठ भरलेली बाटली, घट्ट बूच, प्लेटभोवती गुंडाळलेली पॅराफिल्म या तीन गोष्टींनी विद्यार्थ्यांचे जेवढे प्रयोग फसतात, तेवढे चुकीच्या माध्यमाने फसत नाहीत.

पायरी १: नमुना

किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर आणू नका. ते बहुतेक वेळा ग्लेशियल ॲसिटिक आम्लात पाणी घालून केलेलं असतं आणि बाटलीवर ‘सिंथेटिक’ असं लिहिलेलंही असतं. त्यात कधी जीव नव्हताच. आंबवून केलेलं पण पाश्चरीकृत आणि गाळलेलं व्हिनेगरही तितकंच निरुपयोगी.

चांगले नमुने आपल्याकडे भरपूर आहेत. पालघर-डहाणूची ताडी, कोकणातली माडी, गोव्याची सूर आणि तिच्यापासून घरी केलेलं व्हिनेगर, ज्याच्याशिवाय विंदालू होत नाही. नाशिककडची पावसाने तडकलेली द्राक्षं, जास्त पिकलेले चिकू, अननसाची साल. कोणाकडे कोंबुचा असेल तर त्यावरची जाड साय. जास्वंद किंवा कांचनाची फुलंही आणा, कारण असाइया तिथे मिळण्याची शक्यता जास्त. फळांवर घोंघावणाऱ्या चिलटांच्या पोटात आणि पायांवर हे जिवाणू असतात. पिकलेल्या केळ्याचा तुकडा ठेवलेल्या बाटलीत चार चिलटं पकडली तर तोही नमुनाच झाला.

ताडी घेताना सकाळी उतरवलेली ताजी घ्या आणि निर्जंतुक बाटलीत तिसरा हिस्साच भरा. तोंडाला कापसाचा बोळा लावून ती सावलीत दोन-तीन दिवस ठेवा. पहिल्या दिवशी यीस्ट आणि झायमोमोनास साखरेचं अल्कोहोल करतात, फेस येतो. फेस बसला की आपल्या जिवाणूंची पाळी. उतरवल्या उतरवल्या प्लेटवर टाकलेल्या ताडीत यीस्टचीच गर्दी दिसेल. बाटलीवर ठिकाण, तारीख, वेळ, झाडाचा प्रकार आणि पीएच लगेच लिहा.

पायरी २: समृद्धीकरण

नमुन्यात हवे ते जिवाणू थोडे असतात. त्यांना सोयीचं आणि इतरांना गैरसोयीचं द्रव माध्यम देऊन त्यांची संख्या वाढवायची. इथे एक निर्णय आधीच घ्यावा लागतो आणि तो बहुतेक जण नकळत घेतात: माध्यमात जे घालाल त्यावरून कोण मिळणार हे ठरतं. ॲसिटिक आम्ल घातलंत तर असाइया जवळपास बाद होतो, कारण ०.३५ टक्के ॲसिटिक आम्लातही तो वाढत नाही. फक्त अल्कोहोल दिलंत तर साखरेवर जगणारा ग्लुकोनोबॅक्टर मागे पडतो. म्हणून दोन फ्लास्क समांतर चालवा.

पहिल्यात, १ लिटरच्या हिशेबाने, ग्लुकोज १५ ग्रॅम, पेप्टोन ३ ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ३ ग्रॅम, आणि ऑटोक्लेव्हनंतर अल्कोहोल २० मिलि व ग्लेशियल ॲसिटिक आम्ल ३ मिलि. दुसऱ्यात तेच घटक, पण अल्कोहोल आणि ॲसिटिक आम्ल वगळून, आणि हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ३.५. दोन्हींत यीस्ट-बुरशी रोखायला सायक्लोहेक्सिमाइड लिटरला १०० मिलिग्रॅम. हे विषारी आहे. हातमोजे घालून तोला आणि उरलेलं सिंकमध्ये ओतू नका. ते मिळत नसेल तर नॅटामायसिन किंवा निस्टॅटिन चालतं.

२५० मिलिच्या फ्लास्कमध्ये माध्यम ३० मिलिपेक्षा जास्त घालू नका, म्हणजे द्रवाचा थर उथळ आणि पृष्ठभाग मोठा राहील. १ मिलि नमुना टाका आणि ३० अंश सेल्सियसला न हलवता स्थिर ठेवा. तीन ते पाच दिवसांत वर पातळ साय धरते किंवा द्रव गढूळ होतो. वास घ्यायचा असेल तर दुरून, हाताने वाफ नाकाकडे वळवून. चव घेऊन बघायची नाही, नमुना ताडीचा असला तरी.

शुद्ध अल्कोहोलच्या खरेदीला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. तो महाविद्यालयाच्या नावे असतो आणि साठ्याची वही काटेकोर ठेवावी लागते. प्रकल्पाला लागणाऱ्या मिलिलिटरची नोंद पहिल्या दिवसापासून करा, नाहीतर वर्षअखेरीस प्रयोगशाळा सहायक तुम्हालाच शोधत येतील.

पायरी ३: दोन प्लेट, दोन कामं

खडूचं माध्यम, ज्याला ग्लुकोज, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि कॅल्शियम कार्बोनेट यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे जीवायसी म्हणतात, आणि ब्रोमोक्रेसॉल ग्रीन घातलेलं कारचं माध्यम, अशा दोन प्लेट लागतात. पहिली आम्ल करणारे हुडकते, दुसरी त्यांतून आपले निवडते.

जीवायसीसाठी लिटरला ग्लुकोज १०० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १० ग्रॅम, बारीक कॅल्शियम कार्बोनेट २० ग्रॅम, अगर १५ ते २० ग्रॅम. एवढं ग्लुकोज यीस्ट एक्स्ट्रॅक्टबरोबर ऑटोक्लेव्ह केलं तर माध्यम तपकिरी होतं, आणि पुढे तपकिरी रंगद्रव्याची चाचणी याच प्लेटवर वाचायची असते. म्हणून ग्लुकोज वेगळ्या फ्लास्कमध्ये निर्जंतुक करून नंतर मिसळा. कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसतं. माध्यम ४५-५० अंशांवर येऊ द्या, प्रत्येक प्लेट ओतण्याआधी फ्लास्क गोल फिरवा आणि प्लेट थंड फरशीवर ओता, म्हणजे अगर लवकर धरेल. दुधाळपणा सगळीकडे सारखा नसेल तर वलयांची तुलना करू नका.

कारच्या माध्यमासाठी लिटरला यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ३० ग्रॅम, ब्रोमोक्रेसॉल ग्रीन २२ मिलिग्रॅम, अगर २० ग्रॅम. ऑटोक्लेव्ह करून ५० अंशांवर आल्यावर अल्कोहोल २० मिलि, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून. अल्कोहोल घालताना शेजारी बर्नर पेटलेला नको. प्लेट निळसर हिरवी दिसते. हे सूचक पीएच ५.४च्या वर निळं आणि ३.८च्या खाली पिवळं असतं. या माध्यमात साखर घातलेली नाही, ही त्याची खरी ताकद. लॅक्टिक जिवाणू आणि झायमोमोनास यांना आम्ल करायला साखर लागते, त्यामुळे ते इथे आले तरी प्लेट ठळक पिवळी करत नाहीत.

अगर असलेलं माध्यम आम्लयुक्त करून ऑटोक्लेव्ह करू नका. अगर तुटतं आणि प्लेट लापशीसारखी राहते. पीएच उतरवायचाच असेल तर ऑटोक्लेव्हनंतर.

समृद्ध द्रवाची ०.८५ टक्के मिठाच्या पाण्यात दहा-दहापट विरलीकरणं करा. दशलक्षपटीपर्यंत जा आणि शेवटच्या तीन विरलीकरणांतून ०.१ मिलि दोन्ही प्लेटवर पसरा. प्लेट ३० अंशांना, झाकणात पाणी न साचेल अशा उलट्या, ओल्या कापसाचा बोळा ठेवलेल्या डब्यात ठेवा. डब्याचं झाकण सैल असू द्या. पाच ते सात दिवस थांबा. चोवीस तासांत उगवलेल्या मोठ्या कॉलनीवर झडप घालू नका, ती बहुधा दुसऱ्याच कोणाची असते.

तापमानाबद्दल आग्रह धरतो, कारण विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात साधा इन्क्युबेटर ३० अंशांवर राहूच शकत नाही. तो फक्त तापवतो, थंड करत नाही. बाहेर ४४ अंश असताना आत ४० असतं आणि या गटातले बहुतेक जिवाणू ३७च्या पुढे मान टाकतात. थंडही करू शकणारा बीओडी इन्क्युबेटर वापरा, नसेल तर प्रकल्प हिवाळ्यात घ्या. उष्णता सोसणारे काही वाण उष्ण देशांतून मिळालेले आहेत. ३७ अंशांना मुद्दाम एक प्लेट ठेवून पाहायला हरकत नाही, उन्हाळ्यात ताडीतून असा वाण मिळाला तर त्याला औद्योगिक महत्त्व आहे.

जुन्या, चढ्या आम्लाच्या व्हिनेगरमधून नमुना घेतला असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसतात आणि प्लेट कोरी राहते. अशा पेशी जिवंत असतात, पण साध्या प्लेटवर वाढायला तयार नसतात. यासाठी आम्ल आणि अल्कोहोल दोन्ही असलेली दुहेरी थराची प्लेट वापरतात: खाली ०.५ टक्के अगरचा मऊ थर, वर १ टक्का अगरचा, आणि सभोवती भरपूर ओलावा. पहिल्याच प्रकल्पात या वाटेला जाऊ नये, असं माझं मत.

पायरी ४: शुद्धीकरण आणि गाळणी

जीवायसीवर स्वच्छ वलय आणि कारवर पिवळा रंग, असे दोन्ही दाखले देणाऱ्या कॉलनी निवडा. निदान तीन वेळा स्ट्रीक करा, म्हणजे ताज्या प्लेटवर रेघा ओढून सुट्या कॉलनी मिळवा, एकदा जीवायसीवर, एकदा कारवर, असं आलटून पालटून. चिकट श्लेष्म सोडणाऱ्या कॉलनीत यीस्ट अडकून राहतात आणि चौथ्या स्ट्रीकलाही डोकं वर काढतात. दर वेळी ओला माउंट करून पाहा. यीस्टची मोठी गोल पेशी लपत नाही.

ग्रॅम अभिरंजन २४ ते ४८ तासांच्या वाढीवरच. जुन्या पेशी लांबट, फुगलेल्या, कधी फाटे फुटल्यासारख्या दिसतात, रंगही धड घेत नाहीत, आणि विद्यार्थी ‘मिश्र कल्चर’ म्हणून चांगला वाण फेकून देतो. मग कॅटॅलेज, म्हणजे पेरॉक्साइड फोडणाऱ्या विकराची चाचणी, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने. बुडबुडे आले की लॅक्टिक जिवाणू बाद. अपवाद आहेच: ॲसिटोबॅक्टर पेरॉक्सिडान्स कॅटॅलेज-निगेटिव्ह असतो. ऑक्सिडेज मात्र या गटात निगेटिव्ह येते.

राहिला झायमोमोनास. परीक्षानळीत ग्लुकोज-यीस्ट एक्स्ट्रॅक्टचा मऊ अगर खोलवर भरा, सुईने तळापर्यंत टोचा, वर निर्जंतुक द्रव पॅराफिनचा थर द्या. दुसरी नळी तशीच, पॅराफिनशिवाय. आपला जिवाणू उघड्या नळीत फक्त वरच्या थरात वाढतो आणि झाकलेल्या नळीत गप्प बसतो. झायमोमोनास दोन्हींत खोलवर वाढतो आणि वायूने अगर फाटतो. ही चाचणी फार थोड्या प्रकल्पांत दिसते, आणि ताडीवर काम असेल तर तिच्याशिवाय अहवाल वाचायलाच घेऊ नये, असं मला वाटतं.

पायरी ५: आम्लाचं पुढे काय झालं

शुद्ध कल्चर कारच्या ताज्या प्लेटवर एका रेषेत किंवा छोट्या ठिपक्यात लावा. दररोज ठरल्या वेळी, त्याच उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो काढा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठिपक्याभोवती पिवळं होईल. इथे थांबू नका. पुढच्या तीन ते सात दिवसांत दोनपैकी एक घडतं: पिवळा रंग तसाच राहतो, किंवा ठिपक्यापासून सुरुवात होऊन प्लेट पुन्हा हिरवी, मग निळी होत जाते.

परत निळी होणं म्हणजे अतिऑक्सिडीकरण. अल्कोहोल संपल्यावर ॲसिटोबॅक्टर आपणच सोडलेलं ॲसिटेट पेशीत ओढून घेतो आणि क्रेब्ज चक्रातून त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करतो. ग्लुकोनोबॅक्टरचं क्रेब्ज चक्र अपुरं आहे. त्याला ते आम्ल जाळता येत नाही, म्हणून प्लेट पिवळीच राहते. अल्कोहोल शिल्लक असेपर्यंत ॲसिटेटची उचल दबलेली असते, त्यामुळे २ टक्क्यांऐवजी ५ टक्के अल्कोहोल घातलं तर ॲसिटोबॅक्टरही दिवसेंदिवस पिवळा राहील आणि तुम्ही त्याला ग्लुकोनोबॅक्टर ठरवाल. कोमागाटाइबॅक्टरही आम्ल जाळतो, पण सावकाश. दहा दिवस पुरे होईपर्यंत निकाल लिहू नका.

तीन नियंत्रक प्लेट हव्यातच. एक कोरी, कारण अल्कोहोल उडून जातं आणि रंगही थोडा सरकतो. एक माहीत असलेल्या ॲसिटोबॅक्टरची, एक ग्लुकोनोबॅक्टर ऑक्सिडान्सची. हे संदर्भ वाण पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या एनसीआयएम संग्रहातून किंवा चंडीगडच्या एमटीसीसीमधून मागवता येतात. पत्रव्यवहाराला वेळ लागतो, म्हणून मागणी प्रकल्पाच्या पहिल्याच आठवड्यात पाठवा.

शंका उरली तर कॅल्शियम लॅक्टेटची प्लेट करा, लॅक्टेट २ टक्के आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट. ॲसिटोबॅक्टर लॅक्टेट जाळतो आणि वाढीभोवती कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका उमटतो. ग्लुकोनोबॅक्टरकडून तो येत नाही. दोन्ही चाचण्या एकच उत्तर देत असतील तर वंशापर्यंतची वाट बरीचशी मोकळी झाली.

असाइया इथे वेगळा पडतो. तो अल्कोहोलपासून आम्ल करत नाही किंवा जेमतेम करतो, त्यामुळे कारवर फिका राहतो, मात्र जीवायसीवर ग्लुकोजपासून वलय देतो. फुलांच्या नमुन्यातून आलेली अशी कॉलनी ‘निगेटिव्ह’ म्हणून टाकू नका.

पायरी ६: आम्ल मोजणं

रंगावरून किती आम्ल झालं ते कळत नाही. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १ टक्का आणि अल्कोहोल ४ टक्के असलेलं ५० मिलि माध्यम ५०० मिलिच्या फ्लास्कमध्ये घ्या, कल्चर टाका, शेकरवर फिरवा. कोऱ्या माध्यमाचा फ्लास्क शेजारी. रोज ५ मिलि काढा, उकळून गार केलेलं २० मिलि पाणी मिसळा, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब, आणि ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेशन. अल्कलीचा प्रत्येक मिलिलिटर म्हणजे ६ मिलिग्रॅम ॲसिटिक आम्ल. ५ मिलि नमुन्याला २५ मिलि अल्कली लागली तर १५० मिलिग्रॅम आम्ल, म्हणजे ३ टक्के. कोऱ्या फ्लास्कचा आकडा त्यातून वजा करा.

सैद्धांतिक कमाल काढून ठेवा. १ मिलि अल्कोहोलचं वजन ०.७९ ग्रॅम, आणि ४६ ग्रॅमपासून ६० ग्रॅम आम्ल होतं. म्हणजे ४ टक्के अल्कोहोलपासून साधारण ४.१ टक्के. प्रत्यक्षात तेवढं मिळत नाही, शेकरवर अल्कोहोल उडतं आणि थोडं पेशींच्या वाढीत जातं. भारतीय अन्न मानकांनुसार व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के आम्ल हवं, तेव्हा तुमचा वाण कुठे आहे याचा अंदाज येईल. आलेख दोन आठवडे चालवलात तर ॲसिटोबॅक्टरची रेषा चढून पुन्हा उतरताना दिसते. प्लेटवर रंगाने पाहिलेलं अतिऑक्सिडीकरण इथे आकड्यांत येतं. व्हिनेगरवाल्यांना नेमकी हीच उतरण नको असते, म्हणून ते टाकीत थोडं अल्कोहोल कायम शिल्लक ठेवतात.

टायट्रेशन फक्त एकूण आम्लता सांगतं. ते ॲसिटिकच आहे हे पाहायला द्रव काटेकोर उदासीन करून फेरिक क्लोराइड घाला. लालसर रंग येतो आणि उकळल्यावर तपकिरी साका बसतो.

पायरी ७: वंशाच्या पुढे

उरलेल्या चाचण्या झटपट आहेत. ३ टक्के ग्लिसरॉलच्या प्लेटवर वाढ झाल्यावर फेलिंगचं द्रावण थंडच ओता. अर्ध्या-एक तासात नारिंगी वलय आलं तर डायहायड्रॉक्सीॲसिटोन तयार झालंय. ग्लुकोनोबॅक्टर जोरात पॉझिटिव्ह, ॲसिटोबॅक्टर ॲसेटीही पॉझिटिव्ह, पण ॲसिटोबॅक्टर पाश्चरियानस सहसा नाही. जीवायसीवर पाण्यात विरघळणारा तपकिरी रंग पसरला तर ग्लुकोनासिटोबॅक्टर लिक्विफेशियन्सचा विचार करा. लटकत्या थेंबात हालचाल पाहा. कशाभिका, म्हणजे पोहण्याचे केसासारखे धागे, दिसायला खास अभिरंजन लागतं: ॲसिटोबॅक्टरच्या अंगभर, ग्लुकोनोबॅक्टरच्या टोकाला.

स्थिर द्रवावर चामड्यासारखी जाड साय धरली तर सेल्युलोजची चाचणी करा. ए. जे. ब्राउनने १८८६मध्येच दाखवलं होतं की ही साय सेल्युलोजची आहे. आज त्या जिवाणूला कोमागाटाइबॅक्टर झायलिनस म्हणतात. साय ५ टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळा. नुसत्या पेशींची साय विरघळून जाते, सेल्युलोज तसंच राहतं. धुऊन त्यावर आयोडीन आणि मग ६० टक्के सल्फ्युरिक आम्लाचे थेंब टाका, गडद निळा रंग येतो. आम्ल विरळ करताना आम्ल पाण्यात, पाणी आम्लात नाही, आणि चष्मा डोळ्यांवरच. अशा वाणाला शेकरवर वारंवार वाढवू नका. हलत्या द्रवात सेल्युलोज न करणारी उत्परिवर्तित पिल्लं पुढे निघून जातात आणि काही फेऱ्यांत साय धरणंच बंद होतं.

जनुकीय ओळखीसाठी १६एस आरआरएनए जनुकाचा, जिवाणू ओळखायला सर्रास वापरतात त्याचा, क्रम बाहेरून काढून घेता येतो. पण या कुळात १६एसची मर्यादा मोठी आहे. ॲसिटोबॅक्टरच्या अनेक प्रजातींत त्याचं साम्य ९९ टक्क्यांहून जास्त असतं. संगणकाने पहिल्या ओळीत दिलेलं नाव उचलून अहवालात घालणं म्हणजे अंदाजाला शिक्का मारणं. १६एस आणि २३एस यांच्यामधला भाग, किंवा डीएनएके, ग्रोईएल, आरपीओबी ही जनुकं जोडीला घेतली तर प्रजातीबद्दल बोलता येतं. खर्च झेपत नसेल तर ‘ॲसिटोबॅक्टर, प्रजाती अनिश्चित’ असं लिहा. परीक्षक ते खुशाल मान्य करतात, निदान करायला हवं.

उसातल्या पाहुण्याबद्दल

महाराष्ट्रातल्या ऊस उत्पादकांना ‘ॲसिटोबॅक्टर’ हे नाव व्हिनेगरमुळे नाही, जिवाणूखतामुळे माहीत आहे. पुण्याजवळ मांजरीला असलेल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडून ते मिळतं. हा जिवाणू म्हणजे आजचा ग्लुकोनासिटोबॅक्टर डायझोट्रोफिकस. ब्राझीलमध्ये काव्हालकांते आणि योहाना डोबेराइनर यांनी १९८८मध्ये उसातून त्याची पहिली नोंद केली. उसाच्या पेशींमधल्या जागेत राहून, १० टक्के साखरेतही तो हवेतला नत्र स्थिर करतो.

त्याला वर सांगितलेल्या माध्यमांतून काढायला जाऊ नका. कांडी आणि मुळं पृष्ठभागावरून निर्जंतुक करून ठेचा आणि नत्र न घातलेल्या, १० टक्के उसाची साखर, ब्रोमोथायमॉल ब्लू व ०.२ टक्के अगर असलेल्या अर्धघन माध्यमात टाका. पीएच ॲसिटिक आम्लाने ५.५ ठेवा. साधारण आठवडाभरात पृष्ठभागाच्या किंचित खाली पिवळसर पापुद्रा धरतो आणि वर सरकतो. तो तिथे खाली का धरतो हे विचार करण्याजोगं आहे: नत्र स्थिर करणारं विकर प्राणवायूने बिघडतं आणि जिवाणूला श्वासासाठी तर तो हवाच असतो, म्हणून दोन्ही जमेल अशी पातळी तो शोधतो. घन माध्यमावर त्याच्या कॉलनी पुढे गडद नारिंगी होतात. मिठाला सोसणारा, नत्र स्थिर करणारा याच कुळातला आणखी एक वंश, स्वामिनाथानिया, तमिळनाडूतल्या पिचावरमच्या खारफुटीलगतच्या रानभातातून २००४मध्ये नोंदवला गेला. कोकणच्या खाड्यांवर असं काम करायला भरपूर वाव आहे.

पायरी ८: वाण जपणं

हे जिवाणू आपल्याच आम्लात बुडून मरतात. साध्या ग्लुकोज स्लँटवर (तिरप्या अगरच्या नळीत) महिनाभर ठेवलेलं कल्चर बहुधा गेलेलं असतं. जीवायसीच्या स्लँटवर खडू आम्ल उदासीन करतो, म्हणून ४ अंशांना ते जास्त टिकतं. तरी दोन-तीन आठवड्यांनी नवीन स्लँट करा. स्क्रू-कॅप पूर्ण आवळू नका. लांबच्या साठवणीला २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंश. ताज्या, तरुण वाढीचेच साठे करा, आणि शुद्धीकरण झाल्या दिवशीच करा. कारण पुन्हापुन्हा लावत राहिलं की या गटातले गुण हरवतात: आम्ल सोसणं कमी होतं, अल्कोहोल जाळणं मंदावतं. ॲसिटोबॅक्टर पाश्चरियानसचा जनुकसंच असा अस्थिर असल्याचं जनुकक्रमावरूनच दिसलेलं आहे. दर साठ्यातून एक कुपी काढून कारच्या प्लेटवर पिवळं-निळं पुन्हा तपासा.

बहुतेक वाण निरुपद्रवी असले तरी प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या रुग्णांत ग्रॅन्युलिबॅक्टर आणि क्वचित असाइयामुळे संसर्ग झालेले आहेत. प्रयोगशाळेचे नियम पाळा, आणि प्रकल्पातल्या कल्चरने घरी व्हिनेगर लावू नका.

वाण खरोखर वेगळा वाटला तर पुण्यातल्या एनसीआयएम किंवा एनसीएमआर संग्रहात तो जमा करता येतो. अर्जात नमुन्याचं ठिकाण, तारीख, वाढीचं माध्यम, तापमान आणि जनुकक्रम लागतो. पहिल्या दिवशी बाटलीवर लिहिलेली झाडाची आणि पीएचची नोंद तिथे विचारली जाते, आणि नंतर आठवून ती भरता येत नाही.